आडात आहे, पण पोहऱ्यात आलं का?

शोधनिबंधांच्या शेवटी हल्ली एक ओळ हमखास असते: 'या कामासाठी वापरलेला कोड अमुक ठिकाणी उपलब्ध आहे.' सवय चांगलीच आहे, आणि ती लागायला बरीच वर्षं आणि बरीच भांडणं लागली. पण या ओळीत एक बारीकशी फट राहून जाते. उपलब्ध असतो तो सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. प्रत्यक्ष आकडेमोड केली ती त्या मजकुरातून कंपायलरने तयार केलेल्या बायनरी फाइलने. ती फाइल कुणी प्रसिद्ध करत नाही. प्रसिद्ध करणं सोडा, ज्याने ती चालवली त्यानेही बहुतेक वेळा ती उघडून पाहिलेली नसते.

आपली म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. संगणकावर विज्ञान करणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी आहे. आडात सगळं असतं. पोहऱ्यात किती आलं हे बघायला कुणी वाकत नाही. ते बघायचं साधन मात्र जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर फुकट पडलेलं असतं. त्याचं नाव ऑब्जडंप. माझं म्हणणं असं की गणनविज्ञानात पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या सहा महिन्यांत हे साधन वापरायला शिकवलं पाहिजे. हट्टाचं वाटेल, म्हणून कारणं सांगतो.

आधी थोडी ओळख. कंपायलर तुमच्या प्रत्येक सोर्स फाइलची एक ऑब्जेक्ट फाइल बनवतो. मग लिंकर त्या सगळ्या आणि बाहेरच्या लायब्रऱ्या जोडून चालवण्याजोगी बायनरी तयार करतो. या फाइली नोटपॅडमध्ये उघडल्या तर कचरा दिसतो, कारण आत मजकूर नसतोच. प्रोसेसरच्या सूचना अंकांच्या रूपात असतात. ऑब्जडंप ते अंक परत असेंब्लीच्या शब्दांत मांडून दाखवतो: ही सूचना बेरजेची, ही गुणाकाराची, इथे स्मृतीतून आठ बाइट उचलले, इथे दुसऱ्या फंक्शनकडे उडी. ग्नूच्या बिनयुटिल्स नावाच्या संचात याची भावंडंही येतात. 'एनएम' फाइलमधली नावं दाखवतो, 'रीडएल्फ' तिची अंतर्गत रचना, 'स्ट्रिंग्ज' आत अडकलेला वाचनीय मजकूर. मॅकवर याच कामाला 'ओटूल' आहे. सगळे टर्मिनलवर एका ओळीत चालतात, आणि फाइलला धक्का न लावता फक्त वाचतात.

आता जपानमधलं उदाहरण, कारण इथे हा प्रश्न फार मोठ्या आकड्यांत दिसतो.

कोबेच्या पोर्ट आयलंड या कृत्रिम बेटावर रिकेन संस्थेचा फुगाकू महासंगणक आहे. फुगाकू हे फुजी पर्वताचंच दुसरं नाव. १,५८,९७६ नोड, प्रत्येकात फुजित्सूचा ए६४एफएक्स प्रोसेसर, त्यात गणनेसाठी ४८ कोअर. म्हणजे ७६ लाखांहून जास्त कोअर. जून २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळातल्या चारही याद्यांत तो जगात पहिला होता. त्यासाठी जपान सरकारने सुमारे ११,००० कोटी येन घातले. याआधीच्या 'केई' महासंगणकाच्या वेळी, २००९ मध्ये, अंदाजपत्रकाच्या जाहीर छाननीत रेन्हो या खासदारांनी विचारलं होतं की दुसरा क्रमांक आला तर काय बिघडलं? त्यावर इथल्या शास्त्रज्ञांनी केवढा गदारोळ केला होता! मला तो प्रश्न आजही फारसा चुकीचा वाटत नाही. क्रमांकापेक्षा, त्या यंत्रावर रोज जे कोड चालतात ते यंत्राचा किती भाग खरोखर वापरतात, हे विचारायला हवं होतं.

फुगाकूचा जोर आहे एसव्हीई या आर्मच्या व्हेक्टर सूचनासंचात. ए६४एफएक्सचं एक व्हेक्टर रजिस्टर ५१२ बिटांचं, म्हणजे त्यात ६४ बिटांच्या आठ दशांश संख्या मावतात. एक सूचना दिली की आठही जोड्यांचा गुणाकार-बेरीज एकदम. प्रत्येक कोअरमध्ये अशी दोन एककं आहेत. गुणाकार आणि बेरीज वेगळी मोजली तर दर ठोक्याला ३२ क्रिया होतात. २ गिगाहर्ट्झला ४८ कोअरांचा हिशेब केला की एका नोडचे ३ टेराफ्लॉप्सहून थोडे जास्त. कागदावरचा हा आकडा खरा आहे, पण एका अटीवर: कंपायलरने तुमच्या लूपसाठी व्हेक्टर सूचना काढल्या पाहिजेत. त्याने साध्या, एका वेळी एकच संख्या हाताळणाऱ्या सूचना काढल्या तर तोच कोअर जास्तीत जास्त एक अष्टमांश वेगाने धावेल. उत्तर तरीही बरोबरच येईल. म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

ऑब्जडंप इथे अगदी शेंबड्या पोरालाही कळेल असा पुरावा देतो. एसव्हीईच्या रजिस्टरांची नावं झेड० ते झेड३१ अशी असतात. साध्या दशांश रजिस्टरांची डी० ते डी३१. तुमच्या बायनरीतलं वेळखाऊ फंक्शन ऑब्जडंपने उलगडा आणि त्यात झेड दिसतं की डी, एवढंच बघा. असेंब्ली 'येण्याची' गरज नाही. मोडी लिपी न येणाराही कागदावर शिक्का आहे की नाही हे सांगू शकतो, तसंच.

आमच्या गटात आलेल्या एका विद्यार्थ्याचा कणांच्या हालचालींचा कोड असाच होता. लूपच्या डोक्यावर 'हा व्हेक्टर कर' अशी सूचना कंपायलरला दिलेली, प्रबंधाच्या मसुद्यातही तसं लिहिलेलं. उलगडून पाहिलं तर मुख्य लूपमध्ये एकही झेड नाही, सगळे डी. कारण साधं होतं. लूपच्या आत दोन कणांमधलं बल काढणारं फंक्शन बोलावलं होतं आणि ते दुसऱ्या फाइलमध्ये राहत होतं. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो. पलीकडच्या फंक्शनमध्ये काय आहे हे ठाऊक नसताना आठ कण एकदम हाकणं त्याला परवडत नाही. फंक्शन हेडर फाइलमध्ये आणलं, झेड दिसू लागले. मसुद्यातलं वाक्य त्या दिवशी खरं झालं. यात विद्यार्थ्याला दोष देण्यासारखं काही नाही. त्याने कोडमध्ये जे लिहिलं होतं तेच प्रबंधात लिहिलं. कोडमध्ये लिहिलेलं फाइलमध्ये उतरतं की नाही हे तपासायचं असतं, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. झेड दिसले म्हणजे वेग आठपट होत नाही. अनेक वैज्ञानिक कोड गणनेवर अडत नाहीत, स्मृतीतून आकडे आणण्यावर अडतात. फुगाकूचाच आकडा घ्या: घनदाट समीकरणं सोडवण्याच्या लिनपॅक कसोटीत ४४२ पेटाफ्लॉप्स, आणि खऱ्या अभियांत्रिकी समस्यांच्या जास्त जवळ जाणाऱ्या एचपीसीजी कसोटीत १६. तेच यंत्र, पण वेग चार टक्क्यांहूनही कमी. आणि नुसता फाइलभर झेड शोधूनही भागत नाही, कारण जोडलेल्या गणिती लायब्ररीतले झेड तुम्हाला उगाच खूश करतील. नेमकं ते फंक्शन बघावं लागतं, आणि कुठलं फंक्शन वेळ खातं हे प्रोफायलरनेच कळतं. पण प्रोफायलर 'हळू आहे' एवढं सांगतो. 'का' हे बहुधा उलगडलेल्या सूचनांमध्ये असतं.

वेगाचा मुद्दा पैशांचा आणि विजेचा आहे. फुगाकू पूर्ण भारावर सुमारे ३० मेगावॅट खातो. पण मला जास्त सतावतो तो दुसरा मुद्दा, उत्तराचा.

गुणाकार करून लगेच बेरीज करणारी एक जोडसूचना असते, एफएमए. वेगवेगळ्या दोन सूचनांत उत्तर दोनदा पूर्णांकित होतं, जोडसूचनेत एकदाच. म्हणजे ती खरं तर जास्त अचूक. पण आता क्ष वर्ग वजा य वर्ग घ्या, आणि दोन्हींची किंमत ०.१ ठेवा. शाळेत उत्तर शून्य. साध्या सूचनांतही शून्य. जोडसूचनेत मात्र एक वर्ग पूर्णांकित होऊन बाजूला बसलेला असतो आणि दुसरा पूर्ण अचूकतेने त्याच्याशी वजा होतो, त्यामुळे एक अतिसूक्ष्म शेष उरतो. हा शेष कधी धन, कधी ऋण. त्याचं वर्गमूळ काढायला गेलात आणि तो ऋण निघाला, तर उत्तराच्या जागी 'ही संख्याच नाही' असा शेरा.

या दोहोंपैकी काय घडेल हे सोर्स कोडमध्ये लिहिलेलं नसतं. जीसीसी कंपायलर इंटेल-एएमडी यंत्रावर खास पर्याय न देता वापरला तर जोडसूचना काढत नाही, कारण त्या घराण्याच्या जुन्या प्रोसेसरांत ती नाही. तोच कंपायलर ६४ बिटांच्या आर्मवर ऑप्टिमायझेशन चालू असताना ती बिनदिक्कत काढतो. फुगाकूवर तर गंमतच आहे: लॉगिन करतो ती यंत्रं इंटेलची, मुख्य नोड आर्मचे, म्हणून कंपायलरही दोन. लॉगिन यंत्रावर केलेली छोटी चाचणी आणि मुख्य नोडवरचं उत्तर शेवटच्या आकड्यात जुळलं नाही तर नवे विद्यार्थी आधी स्वतःच्या भौतिकशास्त्रावर शंका घेतात. तुमच्यापैकी कुणी २०२० नंतर इंटेलचा मॅक टाकून एम-मालिकेचा घेतला असेल आणि जुना कोड शेवटच्या अंकांत वेगळं बोलू लागला असेल, तर संशयितांच्या यादीत हे नाव वर ठेवा. ऑब्जडंपमध्ये आर्मवर 'एफएमएडीडी', इंटेलवर 'व्हीएफएमएडीडी'ने सुरू होणारी सूचना शोधली की दोन मिनिटांत खुलासा होतो.

शेवटच्या अंकाचं एवढं काय, असं वाटेल. १९६१ मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाची गणना मध्येच थांबवून पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि पुढचं सगळं हवामान वेगळं निघालं, ही गोष्ट आपण 'फुलपाखरू' म्हणून कौतुकाने सांगतो. तसंच फुलपाखरू कंपायलरच्या एका पर्यायातून उडू शकतं. जपानी निकॅमसारखी हवामान-प्रारूपं केईवरून फुगाकूवर आली, म्हणजे स्पार्क घराण्यातून आर्ममध्ये. फोरट्रानचा मजकूर बराचसा तोच, पण सूचना पूर्णपणे नव्या. पुण्याच्या आयआयटीएममध्येही २०१८ च्या 'प्रत्यूष'नंतर २०२४ मध्ये 'अर्क' आला. यंत्र बदललं की पाऊस बदलतो असं मी म्हणत नाही. जाणते लोक एका धावेवर विसंबत नाहीत, अनेक धावांचा समूह घेतात. पण कुणी 'दोन्ही यंत्रांवर तोच कोड चालवला' असं म्हणालं की मी हळूच विचारतो, तोच म्हणजे कोणता?

यावर ठरलेला आक्षेप: कंपायलर आपल्याहून हुशार आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा. अर्धं खरं आहे. तो हुशार आहे, आणि आपण मागितलेलं तो अक्षरशः देतो. आपण नेमकं काय मागितलं हे बऱ्याचदा आपल्यालाच माहीत नसतं. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचे संशोधक ब्रेंडन डोलन-गॅव्हिट यांना पायथनमध्ये एक विचित्र इशारा दिसला: अतिलहान संख्या शून्य धरल्या जात आहेत. त्यांनी मागोवा घेतला तर दोषी निघाली 'जीइव्हेंट' नावाची लायब्ररी. गंमत म्हणजे तिचं काम नेटवर्कचं. दशांश गणिताशी तिचा काही संबंध नाही. पण ती बांधताना वेगाचा एक आक्रमक पर्याय दिला गेला होता. त्या पर्यायाने त्या काळचा जीसीसी बायनरीत गुपचूप एक छोटं फंक्शन जोडत असे. लायब्ररी नुसती लोड झाली की ते फंक्शन प्रोसेसरच्या नियंत्रण-रजिस्टरमध्ये दोन बिट बदलतं, आणि मग त्या थ्रेडमधल्या सगळ्या लायब्रऱ्यांची अतिलहान संख्या शून्य होऊ लागते. अशी आणखीही बरीच पॅकेजेस सापडली. सोर्स कोडच्या एकाही ओळीत हे फंक्शन नव्हतं. ते दिसत होतं फक्त उलगडलेल्या बायनरीत, 'सेट फास्ट मॅथ' अशा नावाने, पाच-सहा सूचनांचं. पुढे जीसीसी १३ मध्ये लायब्रऱ्यांसाठी हे जोडणं बंद झालं. तोवर किती नियतकालिकांत किती आलेख छापून आले असतील, कोण सांगणार.

सोर्समध्ये नसलेलं बायनरीत असू शकतं, याचं दुष्ट रूप मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेड या संकोचन-लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या संकुचित फाइलींमध्ये एक तयार ऑब्जेक्ट फाइल दडवून ठेवलेली, आणि बांधणीच्या वेळी ती हळूच जोडली जात होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकलं, म्हणून सापडलं. तो वेळ खाणाऱ्या सूचना लायब्ररीच्या आत दिसत होत्या, पण त्यांना कुठल्याच फंक्शनचं नाव लागत नव्हतं. (मग ऑब्जडंप तरी खरं बोलतो कशावरून, असं कुणी म्हणेल. केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग व्याख्यानात हाच पेच मांडला होता, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. पण कुलूप फोडता येतं म्हणून कुणी दार सताड उघडं ठेवत नाही.)

साधनालाही मर्यादा आहेत, आणि त्यातली एक आपल्याला जवळची आहे. 'स्ट्रिंग्ज' बायनरीतला वाचनीय मजकूर दाखवतो म्हटलं, पण त्याच्या लेखी वाचनीय म्हणजे मुळात इंग्रजी अक्षरं. युटीएफ-८ मध्ये 'मराठी' हा शब्द १५ बाइटांचा होतो आणि त्यातला एकही बाइट त्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे मराठी संदेश असलेल्या प्रोग्रामवर स्ट्रिंग्ज चालवलात तर ते संदेश नाहीतच असं वाटेल. जुन्या जपानी प्रोग्रामांत शिफ्ट-जिस ही पद्धत असते. तिथे अक्षराचा दुसरा बाइट अनेकदा इंग्रजी अक्षराच्या जागेवर पडतो, म्हणून अर्धवट तुकडे दिसतात, जणू कुणी वाक्याचे स्वर खाऊन टाकलेत. २०२२ च्या बिनयुटिल्स २.३८ पासून युनिकोड दाखवण्याचा वेगळा पर्याय आला आहे. देवनागरीसाठी तो आठवणीने द्यावा लागतो.

मग मागणं काय आहे? प्रत्येकाने असेंब्ली लिहायला शिकावी असं मुळीच नाही. मी स्वतः गरजेपुरतीच वाचतो. मला हवं आहे ते कोड उपलब्ध असल्याच्या त्या शेवटच्या ओळीत थोडंसं जास्त. कंपायलरची आवृत्ती बायनरीत बहुधा आपोआप नोंदलेली असते आणि रीडएल्फने ती वाचता येते. बांधताना कोणते पर्याय दिले हेही जीसीसीला सांगितलं तर तो फाइलमध्येच टिपून ठेवतो. त्यासाठी फक्त एक पर्याय वाढवावा लागतो. जोडलेल्या लायब्रऱ्यांची यादीही तिथेच मिळते. मॅट्रिक्स गुणाकार उत्पादकाच्या जलद लायब्ररीतून झाला की कुठल्यातरी पडीक संदर्भ-आवृत्तीतून, हे त्यावरून कळतं, आणि हा फरक व्हेक्टर सूचनांइतकाच मोठा असू शकतो. शिवाय बायनरीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. हे सगळं पूरक माहितीत अर्ध्या पानात मावतं. बायनरी स्वतः जपून ठेवली तर उत्तमच. आपण छायाचित्रं ठेवतो त्या मानाने तिचा आकार नगण्य असतो.

आणि जे शिकवतात त्यांच्यासाठी. पुण्याच्या सीडॅकने १९९१ मध्ये परम ८००० बांधला तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांना ट्रान्सप्युटरच्या पोटात काय चालतं हे माहीत असणं भागच होतं. साधनं इतकी अपुरी होती की दुसरा मार्ग नव्हता. आज पायथनच्या चार ओळींत तेवढं काम होतं. ते चांगलंच आहे, मीही दिवसभर पायथनच लिहितो. पण पायथनच्या त्या चार ओळींखाली नमपाय असतो, आणि नमपायच्या खाली त्याच ऑब्जेक्ट फाइली. पुढच्या वेळी प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की त्याला त्याच्याच प्रोग्रामवर ऑब्जडंप चालवायला लावा आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा लूप त्यात शोधून दाखवायला सांगा. साधारण एक दुपार जाते. पहिला तासभर तो कंटाळतो, मग कुठेतरी स्वतःच्याच फंक्शनचं नाव दिसतं, आणि त्यानंतर त्याला चहाला बोलवायला दोनदा जावं लागतं.